मोहरीएवढा दात

प्रति,
माननीय विभागीय अधिकारी साहेब,
जीवाश्म जतन विभाग,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.

अर्जदार : गाळ चाळणारी (कायम), 'जुने तळे' क्षेत्र.

विषय : गाळ चाळण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपण अर्जदारास पाठवलेली कारणे दाखवा नोटीस.
२) 'जुने तळे' क्षेत्र बुजवून टाकण्याचा आपला आदेश.
३) पाहणीच्या दिवशी आपण क्षेत्रावर घेतलेले दुपारचे जेवण.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार नम्रपणे लिहिते की, हा तिचा दुसरा अर्ज आहे. पहिला आपल्या बाहेरच्या टेबलावरच्या लिपिकांनी अर्धा वाचून परत दिला. "बाई, मी, मला, माझं, हे काय लिहिलंय? अर्ज आहे हा, माहेरी धाडायची चिठ्ठी नव्हे. अर्जदार म्हणा," असे त्यांनी सांगितले. त्यांचे म्हणणे रास्त आहे. तरी पुढील मजकुरात अर्जदार म्हणजे कोण, असा घोळ होऊ नये म्हणून खुलासा करते. आपल्या नोटिशीत जिला "नमुन्याच्या जागी औषध ठेवून शासनाची फसवणूक करणारी सदर बाई" म्हटले आहे, तीच ही.

१. प्रथम जागेबद्दल, कारण आपल्या आदेशात तिला "पडीक खड्डा" म्हटले आहे. वीटभट्टीच्या पलीकडे जो खोलगट भाग आहे, तेथे फार पूर्वी, म्हणजे माणूस नावाची भानगड अजून सुरू व्हायची होती तेव्हा, गोड्या पाण्याचे तळे होते. तळाशी गाळ साचत गेला आणि काठावर किंवा पाण्यात जे जे मेले, ते त्या गाळात रुतून राहिले. पुढे तळे आटले, गाळ घट्ट झाला, हाडांचे दगड झाले. आजवर तिथून मासे निघाले, बेडूक निघाले, कासवांच्या पाठीचे तुकडे तर पोत्याने निघाले, आणि मगरीचे दात इतके निघाले की शिपाईमामा ते कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवतात. निघाला नाही तो सस्तन प्राणी, म्हणजे पिलांना अंगावर पाजणारा. योजनेचे नाव मात्र "प्राचीन तळ्यातील सस्तन प्राण्यांचा शोध" असे आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे लोक तोंडावर म्हणत. योजनेचे प्रमुख, ज्यांना क्षेत्रावर सगळे डॉक्टर म्हणतात (ते हाडांचेच आहेत, पण मेलेल्यांच्या), ते ऐकून घेत आणि पुढची गोणी आणायला सांगत.

२. अर्जदाराचे काम सांगायला सोपे आहे. खड्ड्यातून गाळाची ढेकळे गोणीत भरून आणायची, उन्हात कडकडीत वाळवायची, मग पाण्यात सोडायची. नीट वाळलेले ढेकूळ पाण्यात पडले की आपोआप विरघळते. अर्धवट वाळलेले मात्र कितीही भिजवले तरी आपला हट्ट सोडत नाही, तेव्हा या कामात घाई करणाऱ्याचे काही खरे नसते. विरघळलेला गाळ एकावर एक ठेवलेल्या चाळण्यांतून धुवायचा. शेवटच्या बारीक चाळणीत जो चुरा उरतो, तो ताटात पसरून भिंगाखाली दाणा दाणा बघायचा आणि कामाचा दाणा ओल्या कुंचल्याच्या टोकाने उचलायचा. चिमट्याने उचलू नये, उडतो आणि मग सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून फरशी शोधावी लागते.

उचललेला दाणा कापसाचा पुंजका घालून औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये ठेवतात. नोटिशीच्या प्रकरणी आपण नेमलेल्या चौकशी समितीला याचे फार नवल वाटले. ही अर्जदाराने काढलेली टूम नव्हे; या कामात ती जुनी रीत आहे. मोहरीएवढ्या वस्तूला मोठ्या डबीत ठेवले तर ती कोपऱ्यात जाऊन बसते आणि पुन्हा दर्शन देत नाही. काचेच्या इवल्या बाटल्यांची मागणी आपल्याच कार्यालयात पडून आहे. औषधवाला रिकाम्या कॅप्सूल हसत देतो. त्याच्याकडे लाल-पांढऱ्या होत्या, म्हणून लाल-पांढऱ्या.

लग्न होऊन आल्यापासून अर्जदार हेच करते आहे. सासूबाई सुरुवातीला शेजारणींना अभिमानाने सांगत की सून सरकारी नोकरीत आहे. काय करते, असे कोणी विचारले की म्हणत, चाळते. काय, पीठ? की म्हणत, चिखल. त्यानंतर त्यांनी सांगणे बंद केले.

३. ज्या दिवशी तो दात ताटात दिसला, त्या दिवशी अर्जदाराने आधी डोळे पुसले, मग भिंग पुसले, मग पुन्हा बघितले. माशाचा दात म्हणजे नुसती खीळ. बेडकाचे दात कोणाला दाखवावेत असे नसतात. मगरीचा सुळका. याला मात्र वर तीन उंच टोके होती, त्यांच्या मागे एक खोलगट पायरी होती आणि खाली दोन मुळे होती. खरे तर ती दाढ, पण नोंदीत दात असे झाले आहे ते झाले आहे. असा दात चावून चावून खाणाऱ्याचा असतो. डॉक्टरांना बोलावले. ते बराच वेळ भिंगावर वाकून राहिले आणि वर न बघताच म्हणाले, "आली बाई एकदाची." मामांनी कोणी न सांगता चहा टाकला. कॅमेरा दुरुस्तीला गेलेला होता, म्हणून डॉक्टरांनी दाताचे चित्र काढले, आणि मनासारखे उतरले नाही म्हणून पुन्हा काढले.

प्राणी उंदराएवढा, चिचुंद्रीच्या तोंडवळ्याचा असावा, असे ते म्हणाले. दाताच्या एका बाजूची चकाकी गेली होती. ती मगरीच्या पोटातल्या आम्लाने गेली, असे त्यांचे मत पडले. म्हणजे ही बिचारी पाणी प्यायला तळ्यावर आली, मगरीने गिळली, तिचे जे काही उरले ते मगरीने यथावकाश तळ्यातच सोडले आणि दात तळाशी जाऊन बसला. ही बाब पुढे उपयोगी पडणार आहे, तरी कृपया लक्षात असू द्यावी.

डॉक्टर त्या दिवशी आणखी एक बोलले. "दात कधी एकटा येत नाही. त्याच्यामागे जबडा असतो, जबड्यामागे प्राणी, आणि प्राण्यामागे त्याचं सगळं गणगोत." दात ज्या काळ्या थरातून आला, तो थर खड्ड्याच्या अगदी तळाशी आहे आणि त्याला अजून नीट हातही लागलेला नाही. अर्जदाराला त्या रात्री झोप आली नाही, इतका आनंद झाला होता. कार्यालयीन अर्जात आनंद लिहावा की नाही हे ठाऊक नाही, पण झाला होता.

४. यानंतर आपण पाहणीस आलात. योजना बंद करायची किंवा कसे, हे ठरवायला आपण आला होतात आणि आपण ते लपवलेही नाहीत. आपणास दात भिंगाखाली दाखवण्यात आला. "हा? एवढासा?" असे आपण म्हणालात. मग थोडे थांबून "पण आहे बुवा" असेही म्हणालात. दोन्ही वाक्ये अर्जदाराने स्वतःच्या कानांनी ऐकली आहेत.

मग आपली जेवणाची वेळ झाली. दुसऱ्या टेबलावर कासवाची पाठ प्लास्टरमध्ये वाळत होती, म्हणून आपला डबा भिंगाच्याच टेबलावर मांडला. अर्जदाराने दात कॅप्सूलमध्ये घालून कॅप्सूल एका बशीत ठेवली. आपण आपली आम्लपित्तावरची कॅप्सूल पाकिटातून काढून दुसऱ्या बशीत ठेवलीत, कारण ती अर्ध्या जेवणात घ्यायची असते. हे आपणच सविस्तर सांगितलेत. तसेच पित्त कसकसे चढते, कुठून कुठे जाते, आणि त्यापुढे कोणकोणत्या वैद्यांनी हात टेकले, हेही सांगितलेत. शिपाईमामांना टापटिपीचे वेड आहे. एका टेबलावर दोन बशा आणि दोन्हीत एकेक कॅप्सूल, हा त्यांना पसारा वाटला. त्यांनी दोन्ही कॅप्सूल एका बशीत ठेवल्या आणि मोकळी झालेली बशी विसळायला नेली. अर्जदार तेव्हा आपणास पाणी आणायला गेली होती. दोन्ही कॅप्सूल लाल-पांढऱ्या. आपण काटकसरीवर बोलत होतात. बोलता बोलता, न बघता, हात लांबवून आपण एक उचललीत, पाण्याबरोबर घेतलीत आणि "आज कशी अलगद गेली" असे म्हणालात.

जेवणानंतर बशीत उरलेली कॅप्सूल अर्जदाराने डबीत ठेवली. डबीला दोरा बांधला, लाख लावली आणि लाखेशेजारी आपण स्वाक्षरी केलीत. त्या वेळी कॅप्सूल पुन्हा उघडून बघायला हवी होती, हे अर्जदार मान्य करते. पण साहेबांच्या देखत बंद करायची वस्तू साहेबांच्या देखत उघडून तपासायची, म्हणजे साहेबांवर संशय घेतल्यासारखे दिसले असते. आता वाटते, घ्यायला हवा होता.

५. डबी मुख्य प्रयोगशाळेत गेली. तिथे पोचली तेव्हा लाख शाबूत होती, दोरा शाबूत होता, आपली स्वाक्षरी शाबूत होती. अहवाल एवढाच आला : "नमुना आम्लपित्तावर गुणकारी आहे. तो सस्तन प्राणी नाही." अहवालासोबत डबीतला ऐवज परत आला. डॉक्टरांनी चित्र पुढे केले, तर "चित्र कशाचेही काढता येते" असे उत्तर मिळाले. वास्तविक ते चित्र पाहून कोणी उगाच काढील असे वाटत नाही. पण असो.

त्यानंतर एकाच लिफाफ्यातून दोन कागद आले. एक अर्जदारावरची नोटीस. दुसरा आदेश : तळ्यात सस्तन प्राणी नसल्याचे सिद्ध झाले आहे, सबब योजना बंद करावी, खड्डा "सर्व प्रकारचा कचरा, राडारोडा व गाळ" टाकून भरून घ्यावा आणि त्यावर गोदाम बांधावे. आदेशाच्या तळाशी मात्र एक वाक्य आहे. ते मसुद्यात नव्हते, आपण स्वतःच्या पेनने घातलेत, असे लिपिकांकडून कळते : "सदर क्षेत्रात सस्तन प्राणी असल्याचे दिसून आल्यास हा आदेश रद्द समजावा." ते वाचून अर्जदाराला वाटले की साहेब मनाचे वाईट नाहीत, नुसतेच घाईचे आहेत.

डॉक्टरांनी तो कागद वाचला, चष्मा काढून खिशात घातला आणि त्या दिवसापासून चष्मा न घालताच खुर्चीवर बसू लागले. विचारले तर म्हणत, "बघायचं काय आता?" अर्जदाराला नोकरीची काळजी आहे, नाही असे नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, याचा रागही आहे. पण लोक काय, चार दिवस खोटारडी म्हणतील आणि विसरतील. तो काळा थर एकदा कचऱ्याखाली आणि कचरा गोदामाखाली गेला की पुन्हा कोणी माईचा लाल उघडणार नाही. दार वाजले, आत कोणीतरी आहे हे कळले, आणि आपण दारावर भिंत बांधली, असे होईल. ते अर्जदाराला सहन होत नाही. साध्या शब्दांत सांगायचे तर रडू येते.

६. तेव्हा रडून झाल्यावर अर्जदाराने विचार केला की घोडे नेमके कुठे पेंड खाते. डबीत औषध निघाले, हे खरे. मग ते औषध कोणाचे? अर्जदाराला पित्त नाही. डॉक्टर दगडही पचवतील. मामांचा औषधांवर विश्वास नाही. पोट बिघडले की ते उपाशी राहतात आणि चिडचिड करतात. त्या दिवशी खोलीत चौथे मनुष्य एकच होते. बशा एकत्र केल्याचे मामांनी विचारताच सांगितले, उलट "पसारा आवरला, त्यात काय चुकलं?" असे तेच अर्जदाराला विचारू लागले. मग त्यांना आठवले की, परवा आपला गाडीचालक त्यांच्याकडे पाणी प्यायला थांबला होता, तेव्हा सहज बोलून गेला : पाहणीच्या संध्याकाळी साहेबांना छातीत अशी जळजळ झाली की विचारू नका, "आज औषध लागूच पडलं नाही" असे वाटभर म्हणत होते.

साहेब, ते लागू पडणार कसे? आपण गिळलेत ते औषध नव्हते. तो तळ्यातला पहिला सस्तन प्राणी होता.

हे वाचून आपणास संताप येणे साहजिक आहे. आपण मुद्दाम केलेत, असे अर्जदाराचे मुळीच म्हणणे नाही. मगरीनेही मुद्दाम केले नव्हते.

७. दात शाबूत राहिला असेल का, हे अर्जदाराने डॉक्टरांना विचारले. कोणाच्या पोटात, हे सांगितले नाही; समजा, एखाद्या माणसाने गिळला तर, असे मोघम विचारले. डॉक्टरांनी खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि घातला. म्हणाले, "मगरीच्या पोटातून आलेल्या दाताला माणसाचं पोट म्हणजे धर्मशाळा. एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर." पाहणीच्या दिवशी आपले पित्त औषधाविना होते, ही चिंतेची बाब अर्जदाराने तूर्त मनातच ठेवली.

८. सबब विनंती. आपल्या निवासस्थानाला शहराचे गटार जोडलेले नाही; मागच्या अंगणात सेप्टिक टँक आहे. ही माहिती अर्जदाराच्या धाकट्या दिराच्या बोलण्यात पूर्वीच आली होती. तो मैला उपसण्याच्या टँकरवर चालक आहे आणि कोणाच्या घरामागे काय आहे, हे त्याला तोंडपाठ असते. टँक म्हणजे तरी काय, एक लहानसे तळेच. वरून जड वस्तू आली की ती तळाशी बसते आणि तिच्यावर गाळ साचत जातो. कापूस आणि कॅप्सूल विरघळली असतील, दात बसून असेल. तरी सदर टँकच्या तळाचा गाळ काढून चाळण्यास अर्जदारास परवानगी मिळावी.

चाळण्या, बादल्या व पाणी अर्जदार स्वतः आणील. ये-जा मागच्या फाटकातून होईल. गाळ आधी वाळवल्याशिवाय चाळता येत नाही, हे वर कलम २ मध्ये आलेच आहे. तेव्हा तो अंगणात पसरावा लागेल आणि तेवढे दिवस बाईसाहेबांनी कपडे पुढच्या बाजूस वाळत घालावेत. वासाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. जुन्या तळ्याचा काळा गाळही भिजला की सडक्या अंड्यासारखा घमघमतो, आणि अर्जदाराचे नाक केव्हाच सरकारजमा झाले आहे. गाळात दाताव्यतिरिक्त जे काही आढळेल, त्याची अर्जदार कोठेही वाच्यता करणार नाही.

घरी हे सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आजवर तळ्याचा चिखल घेऊन यायचीस, ते सोसलं. आता हेही?" आणि आत गेल्या. थोड्या वेळाने स्वतःचे जुने कपडे घेऊन आल्या. "हे घाल. नंतर फेकून देता येतील." तेव्हा अर्जदाराच्या घरची हरकत नाही, असे समजावे.

९. येथवर मजकूर लिहून अर्जदार सही करणार, तोच दीर दुपारच्या जेवणाला आला. अर्ज संपत आला असता त्यात नवी हकीकत घुसडू नये, हे अर्जदाराला कळते. परंतु पुन्हा पहिल्यापासून लिहायला वेळ नाही आणि विषयाची ओळ बदलावी लागत नाही, म्हणून खाली जोडते.

दिराने ताट पुढे असताना अर्ज वाचायला घेतला. आधी हसला. कलम ८ ला आला आणि त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, "वहिनी, तो टँक आता रिकामा आहे. तुंबतोय म्हणून बाईसाहेबांचा निरोप आला होता. बुधवारी मीच उपसला. पार तळ खरवडून."

जी वस्तू तळ्याने एवढा काळ जपली, मगरीला पचली नाही, साहेबांना पचली नाही, ती आपल्याच दिराने नळीने ओढून नेली. त्याला काही बोलावे तर त्याचा काय दोष? त्याने काम चोख केले होते. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. अर्जदाराने एवढेच विचारले की, ओतलास कुठे?

"कुठे म्हणजे?" तो म्हणाला. "पूर्वी लांब जावं लागायचं. आता साहेबांचा आदेशच आहे ना, सर्व प्रकारचा गाळ. तुमच्याच खड्ड्यात."

साहेब, त्यावर सासूबाई हसू लागल्या. त्यांना इतके हसताना अर्जदाराने लग्नानंतर प्रथमच पाहिले. "अगं, माहेरी गेली ती," असे त्या पदर तोंडावर धरून म्हणाल्या.

१०. तरी आजची वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे आहे. तळ्यातून निघालेला दात तळ्यात परत गेला आहे. मागच्या खेपेस त्याला मगरीने पोचवले, या खेपेस आपण. आपल्याच आदेशाने, आपल्याच टँकमधून, शासनाच्याच टँकरने तो खड्ड्यातल्या, पंपाच्या खोलीमागच्या उतारावर ओतला गेला आहे. दिराने प्रत्यक्ष येऊन जागा दाखवली आहे आणि अर्जदाराने तिच्याभोवती दोरी बांधली आहे. सदर क्षेत्रात सस्तन प्राणी नाही, असे यापुढे कोणालाही म्हणता येणार नाही. तो आहे, आणि तो तेथे कसा गेला हे आपल्याइतके खात्रीने दुसरे कोणी सांगू शकणार नाही. सबब आपण स्वतःच्या पेनने घातलेले शेवटचे वाक्य लागू होते आणि आदेश रद्द होतो.

आपण "होय, मी गिळला" एवढे लिहून दिलेत तरी कायद्याने भागेल, असे दिराचे म्हणणे आहे. अर्जदाराचा तसा आग्रह नाही. चारचौघांत आपली शोभा करून तिला काय मिळणार? शिवाय आपला कागद भिंगाखाली ठेवून डॉक्टर बघणार काय? त्यांना दात लागतो.

म्हणून आता विनंती अशी की, सोमवारपासून खड्ड्यावर येणारे कचऱ्याचे ट्रक थांबवावेत आणि तिथला गाळ चाळू द्यावा. आधी तो उतार, मग त्याच्या खालचा काळा थर. दीर म्हणतो की तो स्वतः आता एक थेंबही तिथे ओतणार नाही, पण ट्रकवाले त्याचे ऐकायचे नाहीत, त्यांना साहेबांची सही लागते. दात सापडला की ओळखू येईल : एका बाजूची चकाकी गेलेली आहे. दोन्ही बाजूंची गेलेली आढळल्यास आपले पित्त कितपत तीव्र आहे याचेही निदान होईल, आणि ते आपणास वेगळ्या पाकिटातून, गोपनीय असे लिहून, कळवण्यात येईल.

हे शेवटचे कलम अर्जदार क्षेत्रावर बसून लिहिते आहे. डॉक्टरांना सगळे सांगितले. कोणाच्या पोटातून, हेही आता सांगावे लागले. ते ऐकून त्यांनी एवढेच विचारले की साहेबांची तब्येत बरी आहे ना. मग चष्मा सावरला, खुर्ची उचलली आणि ती खड्ड्यात उतरणाऱ्या वाटेच्या मधोमध टाकून बसले. ते उठायला तयार नाहीत. मामांनी त्यांना चहा तिथेच नेऊन दिला. तेव्हा सोमवारी ट्रक आलाच, तर आधी ती खुर्ची हलवावी लागेल, आणि डॉक्टरांचे वय बघता ती कोणी हलवू नये, असे वाटते.

हा अर्ज नियमात बसत नसेल तर तसे अवश्य कळवावे. परंतु आधी ट्रक थांबवून मग कळवावे. आणि एवढी एक विनंती अर्जदाराची म्हणून नव्हे, साहेब, माझी म्हणून करते. मी त्या दारावर थाप ऐकली आहे. लिपिकांनी हा एवढा 'मी' खपवून घ्यावा.

आपल्या सहीची वाट बघत,
आपली नम्र,
(सही)
गाळ चाळणारी, 'जुने तळे' क्षेत्र
दिनांक : शुक्रवार, कार्यालय बंद होण्यापूर्वी

सोबत :
१) आपली कॅप्सूल, एक नग, सादर परत. प्रयोगशाळेने उघडून पाहिली आहे, तरी घेऊ नये.
२) डॉक्टरांनी काढलेले दाताचे चित्र. ओळख पटवण्यापुरते, परत हवे आहे.
३) रिकामी कॅप्सूल, एक नग, या खेपेस बिनरंगाची. परवानगीच्या कागदासोबत परत पाठवावी, दात सापडताच तीत घालायचा आहे. तोवर कृपया जेवणाच्या टेबलावर ठेवू नये.